दांडीला मारलेली दांडी

आमच्या घरी रविवारी आमटीत मीठ सगळ्यात शेवटी पडायचं. आधी आजोबांची वाटी काढून ठेवायची, भाजी छोट्या पातेलीत वेगळी काढायची, त्यांच्या पोळ्यांची कणीक पण बिनमिठाची निराळी भिजवायची, आणि मग आजी मिठाच्या बरणीत हात घालायची. आजोबा रविवारी अळणी जेवायचे. का, ते कधी कोणी विचारलं नाही, घरात ज्या गोष्टी आपल्या जन्माआधीपासून चालू असतात त्यांच्याबद्दल कोण विचारतं. मला तर कितीतरी वर्षं वाटायचं की सगळ्यांचेच आजोबा रविवारी अळणी जेवतात. चौथीत असताना एका मित्राकडे रविवारी जेवायला गेलो होतो, तिथे त्याच्या आजोबांनी ताटात डाव्या बाजूला चांगलं चिमूटभर मीठ वाढून घेतलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच बसलो.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे जानेवारीत आम्ही दांडीला जाऊन आलो. हो तेच, मिठाचं दांडी. जन्म बडोद्यात गेला, वय झालं ५६, दीव झालं, सोमनाथ झालं, तीथल तर चार वेळा झालं, गणपतीपुळ्याला दोनदा गेलो, आणि घरापासून जेमतेम पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरवर असलेलं दांडी राहून गेलं. जवळच्या गोष्टींचं असंच होतं, कीर्ती मंदिर आतून बघितलेले बडोदेकर किती निघतील सांगा.

पण आमच्या घरात दांडी राहण्याला एक जुनी गंमत आहे. आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते. बडोदा संस्थान म्हणजे नुसतं बडोदं नव्हे, बडोदा, मेहसाणा, नवसारी, अमरेली असे प्रांत होते आणि प्रत्येक प्रांतावर एक सुभा, म्हणजे आत्ताचा कलेक्टर समजा. १९३० साली आजोबा नवसारीला सुभ्याच्या कचेरीत कारकून होते, वय २६, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, दुधिया तळावाजवळ भाड्याची खोली. आणि नवसारीहून दांडी किती तर १८-१९ किलोमीटर. आपल्या बडोद्यातल्या मांडवीवरून पादरा जेवढं आहे त्याहून फार नाही.

शाळेत इतिहासाच्या पुस्तकात दांडीयात्रेचा धडा आला तेव्हा मी उड्या मारत त्यांच्याकडे गेलो होतो, कारण माझ्याकडे चक्क जिवंत साक्षीदार होता. विचारलं, आजोबा तुम्ही तेव्हा नवसारीतच होतात ना, बघितलंत गांधीजींना? ते म्हणाले, नवसारीतून गेले तेव्हा गर्दीत नुसती डोकी दिसली. मी म्हटलं, आणि दांडीला? मीठ उचललं तेव्हा? ते म्हणाले, कचेरी होती.

संपलं. कचेरी होती. त्यांनी पेपर परत डोळ्यांसमोर धरला.

बाबा गमतीत म्हणायचे की अख्ख्या हिंदुस्थानात दांडीला दांडी मारणारे आमचे वडील एकटेच. हा विनोद आमच्या घरी इतक्या वेळा झालाय की आता हसू येत नाही, पण म्हणायचा मात्र प्रत्येक वेळी. लहानपणी माझ्या डोक्यात त्यात आणखी एक गोंधळ होता, आम्ही राहायला दांडिया बाजारात, त्यामुळे दांडी, दांडिया बाजार आणि शाळेला मारायची दांडी हे सगळं कुठेतरी एकाच कुटुंबातलं असावं असं वाटायचं.

असो. तर शनिवारी पहाटे निघालो, मी आणि बायको. मुलगा म्हणाला तिथे आहे काय बघायला, त्याला सोडून दिलं. मॅपवर नुसतं दांडी टाकलं तर दोन दांड्या आल्या, बायको म्हणाली बघा, इथेही तुमच्या घराण्याची परंपरा, चुकीच्या दांडीला नेऊन ठेवाल. मग नवसारी टाकलं आणि निघालो. करजणपर्यंत धुकं होतं. भरूचला नर्मदेवर सूर्य आला, खाली पाणी कमी आणि वाळू जास्त, बाजूला तो जुना लोखंडी गोल्डन ब्रिज, १८८१ चा, आता त्याच्यावरून गाड्या जात नाहीत. भरूचला आलं की खारी सिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, घ्यायचीच हा आमच्याकडे नियम आहे, घेतली, आणि अंकलेश्वरपर्यंत गाडीत टरफलांचा कचरा केला. बायको म्हणाली आज दिवसभर मीठच दिसतं नशिबात.

नवसारीत आधी दुधिया तळाव. मला उगाच वाटत होतं की तिथे गेलं की काहीतरी समजेल, एखादं जुनं घर दिसेल आणि आतून आवाज येईल की हेच ते. तसं काही होत नाही. तळावाच्या भोवती दुकानं, बाकडी, सकाळचे चालणारे म्हातारे, आणि एक पोंकवाला. पोंक म्हणजे हुरडा, पण इथला बारीक, हिरवागार, लिंबू-मरीची शेव घालून देतात. दोन पुड्या घेतल्या. त्या पोंकवाल्याला विचारलं की इथे जुनी गायकवाडी कचेरी कुठे होती, तर तो म्हणाला गायकवाडी तो आखुं नवसारी हतुं, म्हणजे सगळं नवसारीच गायकवाडी होतं, आता कुठली कचेरी शोधताय. बरोबर आहे त्याचं. टाटांचं गाव, जमशेटजी १८३९ साली इथेच जन्मले, पारशांची जुनी अग्यारी, आणि वर राज्य मराठ्यांचं. आपल्याला बडोद्यात बसून हे कळत नाही, सगळं संस्थान म्हणजे लक्ष्मीविलास पॅलेस आणि सयाजीराव असंच वाटतं.

नवसारी सोडली, एरू चार रस्ता ओलांडला की रस्ता बारीक होतो. दोन्हीकडे चिकूच्या वाड्या, मग आंबे, मग उसाचे तुकडे, मग हळूहळू झाडं ठेंगणी व्हायला लागतात आणि हवेत तो वास येतो, ओला, थोडा सडका, समुद्र जवळ आल्याचा. मधे मटवाड, मग कराडी. आणि एवढ्याच रस्त्यात हद्द होती. आता तिथे काहीच नाही, एक पंक्चरवाला आणि मोबाईल रिचार्जचा बोर्ड. नवसारी गायकवाडांची आणि दांडी इंग्रजांच्या सुरत जिल्ह्यात. त्या वेळचा नकाशा बघा कधीतरी, चौकटीची गोधडी दिसते, एक गाव गायकवाडी, पुढचं इंग्रजी, परत गायकवाडी. बारडोलीच्या शेतकऱ्यांनी सारा भरायचा नाही म्हणून ठरवलं तेव्हा जप्ती टाळायला ते गुरंढोरं, भांडीकुंडी घेऊन सरळ गायकवाडी हद्दीत येऊन राहायचे. हे मात्र आजोबा भरभरून सांगायचे. शेतात ताडपत्र्यांच्या झोपड्या, म्हशींचे हंबरडे, रात्री चुलींची रांग, कडब्यावरून भांडणं. याबद्दल अर्धा तास बोलायचे आणि दांडीचं नाव काढलं की पेपर.

पण हे पण खरं ना, की हद्दीच्या अलीकडे बसलेल्या माणसाला पलीकडचं सगळं फार जवळ आणि फार लांब असतं. चालत गेलं तर चार तास. गेलं की नोकरी.

दांडी गाव लहान आहे. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून सैफी विला, बाहेरून एखाद्या जुन्या पारशी बंगल्यासारखं, खाली व्हरांडा. दाऊदी बोहरा धर्मगुरूंचा हा बंगला, ५ एप्रिलच्या रात्री गांधीजी इथे राहिले, आणि पुढे १९६१ साली सैयदना ताहेर सैफुद्दीन यांनी तो देशाला देऊन टाकला. आत फोटो आणि माहितीचे फलक. बोहरी मंडळी दांडीला अजून येतात, पण ती जवळच्या हूरबाई माँच्या मजारीवर. आम्ही होतो तेव्हा एक कुटुंब आलं होतं, रिदा घातलेल्या चार बायका, त्यांनी आधी मजारीला जाऊन मग इथे चक्कर मारली, आम्ही आधी इथे आणि मग तिकडे.

व्हरांड्यात उभं राहिलं की समुद्र दिसत नाही. मला वाटलेलं पायरी उतरली की लाटा. फोटोत तसंच वाटतं ना. आता समुद्र तिथून चांगला लांब आहे, मधे झाडं आणि वाळू.

मग नवीन स्मारक बघायला गेलो. ३० जानेवारी २०१९ ला उघडलं, १५ एकरांत पसरलंय, मधे बांधलेलं तळं, तळ्याकाठी ४१ सोलर झाडं, वर दोन लोखंडी हात उंच जाऊन मिळतात आणि तिथे काचेचा मोठा ठोकळा, मिठाच्या खड्यासारखा. डिझाईनचं काम आयआयटी मुंबईनं बघितलं. खाली मोठा पुतळा गांधीजींचा, तो सदाशिव साठ्यांनी केलेला, गेटवेसमोरचा घोड्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा ज्यांनी केला तेच साठे. मला आधी वाटलं होतं की हे असलं सगळं फार चकाचक असणार आणि मला आवडणार नाही, सोलर झाडं म्हटल्यावर माझं नाक आधीच मुरडलेलं. पण तिथे एक गोष्ट आहे जिच्यापुढे मी अर्धा तास उभा होतो. चालणाऱ्या सगळ्यांचे पुतळे. एकेक माणूस, खऱ्या उंचीचा, काठी, झोळी, पुढे टाकलेला पाय. साबरमतीहून १२ मार्चला निघाले तेव्हा ७८, वाटेत दोघं आणखी आले, ८०. गांधीजी स्वतः ६० वर्षांचे आणि सगळ्यांच्या पुढे, २४ दिवसांत ३८५ किलोमीटर.

मी त्यात पंडित खरे शोधत होतो. नारायण मोरेश्वर खरे, विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, साबरमती आश्रमात गाणं शिकवायचे, प्रार्थनेची भजनं बसवायचे, आणि यात्रेत चालले. रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना म्हणजे गाणं आलं, आणि गाणं म्हणजे खरे. त्यातले कोणते ते, हे विचारायला तिथल्या वॉचमनकडे गेलो. तो अगदी प्रेमानं म्हणाला, साहेब, बधा बापूना ज माणसो छे. सगळी बापूंचीच माणसं. आता यावर काय बोलणार. बायकोनं मागच्या रांगेतल्या एका चेहऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं हेच खरे, कारण याचं नाक कोकणस्थ आहे. मी फोटो काढला. खरे असतील नसतील.

खरे मला का महत्त्वाचे वाटतात ते पण सांगतो. मीठ उचलून झाल्यावर गांधीजी कराडीला राहायला गेले, खजुरीच्या झावळ्यांची झोपडी. येताना आम्ही थांबलो, आता तिथे झोपडी परत उभी केलेली आहे. ४ मे उलटून गेला, मध्यरात्र होऊन गेलेली, पोलीस बॅटऱ्या घेऊन आले, कायदा दाखवला तो १८२७ चा, कंपनी सरकारच्या जमान्यातला रेग्युलेशन पंचवीस, ज्यात खटला न भरता आत टाकता येतं. गांधीजींनी दात घासायला वेळ मागितला, आणि मग खऱ्यांना भजन म्हणायला सांगितलं. खऱ्यांनी वैष्णव जन म्हटलं. विचार करा, मे महिन्याची रात्र, गरम, डास, चारी बाजूला बॅटऱ्यांचे झोत आणि बंदुका, आणि मधे उभा राहून पलुसकरांचा शागीर्द नरसी मेहता गातोय, ताल धरायला कोणी नाही. मग त्यांना घेऊन गेले, येरवड्याला. माझ्या डोक्यात दांडीयात्रा म्हणजे मूठभर मीठ आणि वाकलेले गांधीजी एवढंच होतं. आता ती गाण्याची दोन मिनिटं आधी आठवतात.

आणि दुसरा माणूस आमच्या बडोद्याचा, अब्बास तय्यबजी. बडोद्यातच १८५४ साली जन्म, बडोदा हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होऊन निवृत्त झाले, विलायतेत शिकलेले, सुटाबुटातले. गांधीजींना धरल्यावर पुढारीपण त्यांच्याकडे आलं, ७६ वर्षांच्या म्हाताऱ्याकडे, आणि १२ मे ला त्यांनाही अटक. मग सरोजिनी नायडू, मग धारासणा, तिथे २१ मे ला लोक रांगेनं पुढे जाऊन लाठ्या खात होते, हात वर न करता. तय्यबजींबद्दल वाचलं की मला आजोबांची बाजू घ्यावीशी वाटते. तय्यबजी गायकवाडांच्या नोकरीत असते तर गेले असते का? त्यांची नोकरी करून झाली होती, पोरं मोठी झाली होती. २६ वर्षांच्या कारकुनाकडे काय होतं, भाड्याची खोली आणि नवीन बायको. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, अहो पण त्या ८० जणांत विशीतली पोरं पण होती की. हे खरंय. त्यामुळे माझी वकिली तिथेच आटोपली.

खरं सांगायचं तर मी त्यांची बाजू घेतो ती माझ्यासाठीच घेतो. मी ३१ वर्षं नोकरी केली, एकदाही कुठल्या मोर्चात गेलो नाही. ऑफिसखालून मोर्चा गेला की आम्ही खिडकीत उभे राहून बघायचो, आणि घरी जायच्या वेळेला असेल तर स्कूटर मागच्या गल्लीतून काढायचो. त्यांतले काही मोर्चे अगदी बरोबर होते हे तेव्हाही माहीत होतं. यात्रेत चाललेल्या ८० जणांची नावं आहेत, पुतळे आहेत, आणि ते असायलाच पाहिजेत. पण त्याच रस्त्यावर, त्याच हद्दीवर, घरात बसून राहिलेली जी हजारो माणसं होती, ज्यांनी खिडकीतून डोकी बघितली, त्यातलं एक माझ्या घरातलं, आणि मी जास्त त्याच्यावरच गेलोय.

दुपारी तळ्याकाठी सावलीत डबा काढला. पोळी, बटाट्याची भाजी, ओल्या हळदीचं लोणचं. समोर भिंतीवर तारखा होत्या. बायको मोबाईलमधे काहीतरी करत होती, तिला असले उद्योग फार, म्हणाली अहो ६ एप्रिल १९३० ला वार कुठला होता सांगा. मला कसं माहीत असणार. ती म्हणाली, रविवार.

मी पोळी हातात धरून बसलो. परत बघ म्हटलं. तिनं कॅलेंडर माझ्यासमोर धरलं, बोटानं मागे मागे सरकवत नेलेलं, १९३०, एप्रिल, ६, रविवार.

कचेरी होती म्हणाले होते ना ते.

आता रविवारीही कचेरी असू शकते, काम तुंबलेलं असू शकतं, सुभेसाहेबांनी बोलावलेलं असू शकतं, गांधीजी हद्दीला लागून बसल्यावर कुठल्या कचेरीला सुट्टी मिळाली असेल, हे सगळं मी बायकोला आणि स्वतःला सांगून बघितलं. ती काही बोलली नाही. लोणच्याच्या डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, चला समुद्र बघू, भरती यायच्या आत.

समुद्र ओहोटीला होता. गुजरातचा समुद्र ओसरतो म्हणजे किती ओसरतो ते कोकणवाल्यांना सांगून पटत नाही, पाणी शोधायला चालत जावं लागतं. वाळू काळसर, मग चिखल, मग परत वाळू. घोडेवाले, उंटवाला, मक्याची कणसं, पोरांचा दंगा. बायकोची चप्पल चिखलात रुतली, ती काढायला वाकलो तेव्हा दिसलं. चिखलात छोटे छोटे खड्डे राहिलेले, गाईच्या खुराएवढे, भरतीचं पाणी त्यात साचलेलं आणि उन्हानं आटलेलं, आणि कडेला पांढरा पापुद्रा. दुधावर साय धरते तसा, पण खरखरीत. नखानं खरवडला तर खाली काळा चिखल, वर चिमूटभर पांढरं. जिभेला लावलं. खारट लागलं आणि मागून कडू, समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर मॅग्नेशियमचे क्षार असतात त्याचा तो कडवटपणा, आणि दाताखाली चिखल कचकन.

एवढंच होतं त्यांनी उचललेलं. चिखलातलं मीठ. पोलिसांनी आदल्या दिवशी किनाऱ्यावरचं मीठ चिखलात कालवून ठेवलं होतं म्हणतात, म्हणून खडा सापडायला शोधावं लागलं. आणि हे असं फुकट पडलेलं उचलणं हा गुन्हा, कारण १८८२ च्या कायद्यानं मीठ करायचा हक्क सरकारचा, आणि वर मणाला सव्वा रुपया कर. सव्वा रुपया. देवाला ठेवतो तेवढा. स्मारकात मीठ करायची सोय केलेली आहे, खारं पाणी ओतायचं, पाणी वाफ होऊन जातं, खाली मीठ. ते बघायला छान आहे. पण माझ्या मनात तो गाईच्या खुराएवढा खड्डाच राहिलाय.

मला असं वाटत होतं की आपण इथे आलो म्हणजे आजोबांच्या वतीनं हजेरी लावली वगैरे. रीतसर भावना यायला पाहिजे होती. पण उन्हात चिखलाचे पाय घेऊन उभा होतो तेव्हा नुसतं हे डोक्यात, की त्या दिवशी सकाळी, साडेआठच्या सुमाराला, ते नवसारीत काय करत असतील. दाढी? पाणी भरत असतील? आजी म्हणाली असेल का, जाताय का बघायला? बाहेर रस्त्यावरून लोक बैलगाड्या भरभरून दांडीकडे निघालेले असणार. खोलीचं दार उघडं होतं की लावलेलं?

परत निघताना गावातल्या किराणा दुकानातून एक किलो आखं मीठ घेतलं, जाडं, खड्याचं. दुकानदार म्हणाला साहेब हे दांडीचं नाही हं, बाहेरून येतं, इथे आता कोण करतं. मी म्हटलं चालेल, द्या. नवसारीत चिकू घेतले, दोन पेट्या, एक पेटी भरूच येईपर्यंत पिकून वास मारायला लागली, पूर्ण गाडीला तो वास आठवडाभर होता.

दुसऱ्या दिवशी आत्याकडे गेलो, चिकू द्यायचे होते. आत्या ८६ ची आहे, डोकं अगदी साफ, कान गेलेत, त्यामुळे बोलताना आपल्याला ओरडावं लागतं आणि तीही ओरडूनच उत्तर देते, शेजारच्यांना सगळं कळतं. दांडीला गेलो होतो म्हटलं तर म्हणाली, अगं बाई, शेवटी गेलं कोणीतरी घरातलं. मग मी विचारलं.

"आत्या, आजोबा रविवारी अळणी का जेवायचे गं?"

"डोळ्यांसाठी. सूर्याचं असतं ते. रविवारी मीठ वर्ज्य."

"कधीपासून?"

"मला कळायला लागलं तेव्हापासून बघतेय. आई म्हणायची नवसारीला असताना धरलं. रात्री कंदिलाखाली वह्या लिहून लिहून डोळे बिघडले म्हणे."

"सव्विसाव्या वर्षी?"

"मग काय झालं, बिघडत नाहीत?"

तिच्या पलंगाच्या वर आजी-आजोबांचा लग्नातला फोटो आहे, मुंडावळ्या, आजी खुर्चीत आणि आजोबा उभे. लग्न १९२८ चं. मी उठून जवळ जाऊन बघितला. चष्मा नाही. "आत्या, यात चष्मा नाहीये. आणि रिटायर होईपर्यंतच्या कुठल्याच फोटोत नाहीये. मी त्यांना पेपर वाचताना बघितलंय, चाळशी लागायची फक्त."

"मग झालाच ना उपयोग व्रताचा," आत्या म्हणाली.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रविवार होता ते मी तिला सांगणार होतो, ६ एप्रिलचं. तोंडाशी आलं होतं. पण ते ओरडून सांगायला लागलं असतं, आणि ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं. आतून वहिनीनं चहा आणला. आत्यानं चिकू हातात घेऊन दाबून बघितले, दोन बाजूला काढले, आजच खायचे म्हणून. मग पिशवीत हात घालून मिठाची पुडी बाहेर काढली.

"हे काय?"

"मीठ. दांडीहून आणलंय."

तिनं पुडीची गाठ सोडली, एक खडा काढून उजेडात धरला, चिमटीत चुरडून बघितला. म्हणाली, "आयोडीनवालं नाही ना हे? मग ठेव. लिंबं आणलीत कालच, लोणचं घालायचंच आहे, आयोडीनच्या मिठानं काळं पडतं."